घरची उगवत

आमच्या सासऱ्यांना डावं-उजवं मान्य नव्हतं. डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं, त्यामुळे ते भरवशाचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दिशा जागच्या जागी राहतात. म्हणून घरात जे काही मागायचं, द्यायचं, ठेवायचं ते दिशेनं. मिठाचा डबा दक्षिणेला सरकवा, उत्तरेकडचं बटन दाबा. लग्न होऊन मी नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहा हातात घेताना ते मला म्हणाले, "सूनबाई, तुह्या उगवतीच्या गालाले पीठ लागलं हाये."

मी दोन्ही गाल पुसले.

"मावळतीचा काहून पुसून राहिली? तो साफच हाये."

मी भूगोल घेऊन बी.ए. झालेली, वर बी.एड., आणि मुलींच्या शाळेत सातवी-आठवीला भूगोलच शिकवत होते. मला घरात कोणी दिशा शिकवाव्यात हे काही आवडलं नाही. तरी पहिले काही महिने वरण वाढायच्या आधी मी खिडकीतून ऊन कुठून येतंय ते बघून घेत असे.

देवराव त्यांचं नाव. मी त्यांना मामाजी म्हणायची, आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. मौद्याजवळच्या एका खेड्यातले ते. तिथे वावर, विहीर, बांध, बैल, सगळं दिशेनंच ओळखलं जायचं. तरुणपणी नागपुरात आले आणि इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात त्यांनी जन्म काढला. गिऱ्हाइकालाही सांगायचे, "ईशान्येच्या कोपऱ्यातली परात पाहा, जाड हाये." गिऱ्हाईक परातीऐवजी यांच्याकडे पाहत राही. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात मामाजी, आमचे हे, मी आणि पुढे आमची शामला, एवढीच माणसं.

साठी उलटल्यावर मामाजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली हळूहळू जाईल, असं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरी जाईन, का थोडी राईन?" पुरी जाईल, असं डॉक्टर म्हणाले. "मंग ठीक हाये," मामाजी म्हणाले, जणू अर्धवट कामाचा त्यांना वैताग होता.

महालात त्यांना काळजी नव्हती. बडकस चौकात पान, गांधी गेटाच्या बाजूला एका मित्राच्या ओट्यावर बैठक, तिथून घरी. ही वाट ते नजर असतानाही नजरेनं चालत नव्हते. पावलं मोजणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते दिशेनं निघत आणि दिशेनं परत येत.

घोळ केला तो आमच्या यांनी, आणि तोही चांगल्या मनानं. एकाहत्तर साली मानेवाड्याकडे नवा लेआउट पडला. तेव्हा तिकडे निम्मी वावरंच होती. यांनी तिथे प्लॉट घेतला आणि वडिलांसाठी म्हणून घर बांधलं. एकसपाट, पायरी नाही, उंबरठा नावापुरता. दार पूर्वेला, स्वयंपाकघर पश्चिमेला, संडास मागच्या अंगणात. आंधळ्या माणसाला कुठेही ठेच लागू नये असं घर. यांनी एवढा विचार आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नाही.

मामाजींनी नकाशा ऐकून घेतला. मग आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "येतो मी. पन एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या दिवशी मले कोनी हात धरून नेईन, त्या दिवशी मले महालातल्या या खोलीत आनून सोडा. इथं मी आंधळा झालो तरी कोनाच्या हातात जानार नाही. तिथं नव्या घरी मी खाटेवरचं गाठोडं होऊन राहनार नाही."

"एकटे राहाल का बाबा?" हे म्हणाले. "जेवणाचं काय, चुलीचं काय?"

"खानावळीचा डबा येईन."

घरमालक नत्थूजी भला माणूस. दिवाळीपर्यंत एक खोली कुलूप लावून ठेवतो, म्हणाला. त्या कुलपाची किल्ली मामाजींनी जानव्याला बांधली. एकटा आंधळा माणूस, पेटलेला स्टोव्ह आणि ती खोली असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायचं. तेव्हापासून आमच्या घरात एकच काळजी होती, मामाजींचा हात कोणी धरायची वेळ येऊ नये.

सामान न्यायला ट्रक केला. मामाजी पुढे ड्रायव्हरजवळ बसले नाहीत, कारण देवघर कोणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते आणि देवघर पुढे मावेना. ते मागे गाद्यांच्या वळकटीवर बसले, पाठ केबिनला टेकवून, तोंड मागे, मांडीवर देवघर. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच डोळ्यांवरून पंचा गुंडाळला. सक्करदऱ्यावरून ट्रक गेला तेव्हा त्यांचा डोळाही लागला असावा. नव्या घरासमोर आम्ही त्यांना उतरवलं, पूजा झाली, शिरा झाला, आणि यांनी सगळ्या घरातून त्यांना एकदा फिरवून आणलं. हात न धरता, नुसतं बोलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी आंघोळ करून, तांब्या घेऊन, सूर्याला पाणी द्यायला मागच्या अंगणात गेले. बराच वेळ तिथे उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "आनंदा, आज सूर्य निघाला नाही का गा?"

"निघाला ना बाबा. समोरच्या आंगनात ऊन पडलं आहे."

"समोर तर मावळत हाये."

हे हसले. मी हसले नाही, कारण मला तेवढ्यात कळलं होतं. असं होतं. माणूस रात्रीच्या गाडीनं परगावी उतरतो आणि सकाळी सूर्य भलत्याच बाजूनं वर येतो. दोन दिवसांत ते बसतं, किंवा बसत नाही आणि माणूस आपल्या गावी परततो. मामाजी तोंड मागे करून, डोळे बांधून नव्या घरी आले होते, आणि येताना त्यांच्या अंगातल्या चारही दिशा उलट्या होऊन आल्या होत्या. मी वाट पाहायची ठरवली.

ते बसलं नाही. संडास पश्चिमेला, हे त्यांना पाठ होतं, म्हणून ते पश्चिमेला निघायचे आणि समोरच्या तुळशीपाशी जाऊन पोचायचे. जेवायला म्हणून उठायचे आणि फाटकात जाऊन उभे राहायचे. चाचपडत नव्हते, अडखळत नव्हते. चुकीच्या जागी ते अगदी ताठ मानेनं पोचत. यांनी बांधलेल्या घरात खरोखरच कुठेही ठेच लागत नव्हती.

मी शाळेतून होकायंत्र आणलं. मामाजींनी ते डोळ्याला लावून पाहिलं, जेवढी नजर होती तेवढ्यानं. काटा हलला, थांबला.

"बराबर सांगून राहिला हा," ते म्हणाले.

"मग झालं तर."

"काय झालं? मले डोक्यात समजते वं सूनबाई. आंगाले नाही समजत. दर येळी उठलो का आधी गनित करा लागते, का जे वाटते त्याच्या उलट जायचं. असा माणूस कितीक दिवस चालन?"

मी होकायंत्र पिशवीत घातलं. हे म्हणाले, सवय होईल. आमच्या यांचा सवयीवर फार विश्वास.

पावसाळा सरत आला तेव्हा व्हायचं ते झालं. मामाजी पान खायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि परत येताना दिशेनं आले, म्हणजे उलटे. लेआउटमधली घरं सगळी सारख्याच नमुन्याची. ते मागच्या ओळीतल्या यमुताईंच्या व्हरांड्यात जाऊन खुर्चीवर बसले आणि चहा मागितला. यमुताई नव्यानेच राहायला आलेल्या. त्यांनी कोणाचे तरी वडीलधारे म्हणून चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर मामाजी त्यांना म्हणाले, "सूनबाई, खुर्ची कोनी दक्षिणेले सरकवली?" तेव्हा यमुताईंच्या ध्यानात आलं. बाई मायाळू. त्यांनी मामाजींचा हात धरला आणि रस्त्यानं विचारत विचारत त्यांना आमच्या घरी आणून पोचवलं.

मी फाटकातून पाहत होते. मामाजींचा हात यमुताईंच्या हातात होता आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. यमुताई गेल्यावर ते आत आले.

"माह्या ट्रंकेची चाबी दे."

"कशाले मामाजी?"

"हात धरला."

"परक्या बाईनं धरला. तिले काय माहीत? ते हिशेबात धरायचं नाही."

"हात तो हात," मामाजी म्हणाले आणि धोतरं घड्या करून ट्रंकेत ठेवायला लागले. त्यांच्या घड्या फार नीट असायच्या. हे ऑफिसातून आले आणि ट्रंकेकडे बघत दारातच उभे राहिले. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा आला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

मी म्हणाले, "मामाजी, एक करा. तुम्ही इथं उलटे आले होते. एकदा सुलटे येऊन पाहा. नाही जमलं तर मी स्वतः तुम्हाले महालात सोडून येते."

मामाजींनी घडी घालणं थांबवलं. "देवघर बी न्या लागन," ते म्हणाले. "आलो तसंच यायचं असलं तर."

रविवारी सकाळी आम्ही सायकलरिक्षा केली. मामाजी, मी आणि देवघर रिक्षात, हे सायकलवर मागे. महालात गेलो. नत्थूजींकडे पाणी प्यायलो, मामाजींनी आपल्या खोलीच्या कुलपाला हात लावून पाहिला, आणि आम्ही लगेच परत निघालो. रिक्षावाल्याला हा प्रकार उमगेना. "कोन्या देवाची मिरवनूक हाये जी?" त्यानं विचारलं.

"घर सरळ करायचं आहे," मागून हे म्हणाले. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

मामाजी तोंड पुढे करून, ताठ बसले होते. प्रत्येक वळणावर ते दिशा सांगत आणि मी उन्हाकडे बघून हो म्हणे. आता दक्षिण. आता जराशी उगवत. आता पुन्हा दक्षिण. सक्करदरा आला, गेला. एकही चुकली नाही. लेआउटच्या तोंडाशी ते म्हणाले, "आता मावळतीले वळन." रिक्षा पश्चिमेला वळली. पानाची टपरी गेली. यमुताईंची ओळ पुढे राहिली. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा मामाजी म्हणाले, "घराचं तोंड उगवतीले हाये."

"आहे मामाजी."

हे सायकलवरून उतरले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसून सायकल चक्क तुळशीला टेकवली. मामाजींनी देवघर उचललं, फाटक ओलांडलं, व्हरांड्यात गेले, चपला काढायला म्हणून एकदा वळले, आणि आत पाऊल टाकलं. तिथेच थांबले.

"फिरलं," ते म्हणाले.

"काय फिरलं बाबा?"

"घर."

देवघर हातात घेऊन ते तसेच दारात उभे होते. पुन्हा बाहेर आले, फाटकापर्यंत गेले. "इथं बराबर हाये," म्हणाले. आत आले. "इथं उलटं." असं त्यांनी तीनदा केलं. म्हणजे अर्धं काम झालं होतं. फाटकाबाहेरचं सगळं नागपूर जागेवर आलं होतं. नेमकं आमचं घर तेवढं यायचं राहिलं होतं.

मामाजींनी देवघर जागेवर ठेवलं आणि खाटेवर बसले. "तू सांगतलं तसं केलं ना वं मी?" ते मला म्हणाले. "तुह्यी चूक नाही. मले सोडून दे आता." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला त्यापुढे उभं राहवेना.

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. ज्या भिंती त्यांनी वडिलांसाठी बांधल्या त्यातल्याच एकीकडे. आणि मग माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की मी मोठ्यांदा बोलत नाही, वर्गात बोलते तशी बोलते. मुली त्याला जास्त घाबरतात.

"कुठं जायचं नाही," मी म्हणाले. "मामाजी, तुमच्या अंगाले स्वयंपाकघर कुठं वाटते?"

"उगवतीले."

"मग उगवतीलेच आहे. दार?"

"मावळतीले."

"मग मावळतीले. फाटकाच्या आत या घराची उगवत तुम्ही म्हणाल ती. आजपासून सगळे तसंच बोलतील. हेही, शामलाही, आणि मीही. घर फिरत नाही ना, तर आपण फिरू."

"चारुशीला, तू भूगोलाची मास्तरीण आहे," हे म्हणाले.

"मला माहीत आहे मी कोण आहे."

"अन् सूर्य?" मामाजींनी विचारलं. त्यांना खरीच शंका होती.

"सूर्य काही आपल्या घरचा नाही मामाजी. त्याचं तो पाहून घेईल."

मामाजींनी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले. मग म्हणाले, "उत्तरेच्या खुंटीवरचा पंचा दे." मी खऱ्या दक्षिणेच्या खुंटीवरचा पंचा काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो खांद्यावर टाकला, उठले, आणि थेट मागच्या अंगणात गेले. न चुकता. संडासाची कडी वाजली तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या कडीच्या आवाजानं मला इतका आनंद होईल असं मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीत नत्थूजींना खोलीची किल्ली परत केली. जानव्याला नुसती गाठ राहिली.

सुरुवातीला जीभ अडखळायची. पण बोलता बोलता ते अंगवळणी पडलं, आणि यांचं सवयीबद्दलचं म्हणणं या बाबतीत खरं निघालं हे मला कबूल करावं लागलं. शाळेत मी फळ्यावर सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहायची, आणि घरी येऊन फाटकाची कडी लावली की तो मावळतीला उगवायचा. शामला तर त्यातच वाढली. आमच्याच शाळेत चौथीत तिला घराचा नकाशा काढायला सांगितला तर तिनं उत्तर खाली दाखवली. तिच्या बाईंनी शून्य दिलं आणि मला शिक्षकांच्या खोलीत गाठून म्हणाल्या, तुमची मुलगी आणि दिशा चुकते? मी म्हणाले, घरातून बघितलं तर बरोबर आहे. त्या माझ्यापासून जरा लांब बसायला लागल्या. शामलाला मी सांगितलं, शाळेत शाळेची उत्तर लिहायची, घरात घरची बोलायची. तिला त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

बाहेरच्यांना सांगायला लागायचं. नळवाल्यानं एकदा उत्तरेचा नळ म्हणून चांगला चालणारा नळ खोलून ठेवला. यमुताई मात्र पटकन शिकल्या. फाटकातूनच विचारायच्या, "आले बाप्पा तुमच्या देशात. आता उगवत कोनती?"

मामाजी रोज सकाळी मागच्या अंगणात घरच्या उगवतीकडे तोंड करून सूर्याला पाणी देत. सूर्य त्यांच्या पाठीमागे, घराच्या आडून वर यायचा. थोड्या वेळानं मानेवर ऊन लागलं की म्हणायचे, "आला वाटते तिकडून." आणि तांब्या घेऊन आत यायचे. पान खायला जाताना ते फाटकात क्षणभर थांबत, चपलेत पाय नीट बसवावा तसं काहीतरी मनात नीट बसवत, आणि बाहेरच्या दिशांनी चालू लागत. येतानाही तेच.

एकदाच भांडण झालं. मामाजींचे धाकटे भाऊ गणपतराव गावाहून आले होते. कुळातलं सगळं करणं-सवरणं त्यांच्याकडे असायचं, त्यामुळे काय करावं आणि काय करू नये याची त्यांना फार माहिती. दुपारी मामाजी आडवे झाले आणि गणपतराव ओरडलेच.

"दादा, उत्तरेले डोकं? असं मेलेलं माणूस झोपवतात गा."

"दक्षिणेले हाये माह्यं डोकं," मामाजी डोळे मिटूनच म्हणाले.

"अरे उत्तर हाये ती."

"बाहेर असन. तू फाटकाच्या आत हायेस."

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दक्षिणच आहे काकाजी." भूगोलाच्या बाईनंच असं म्हटल्यावर त्यांनी पानदान पुढे ओढलं. पण जाताना यांना बाजूला घेऊन सांगून गेले की असं मढ्यासारखं झोपून म्हाताऱ्याचं आयुष्य सरेल, खाट फिरवा. आम्ही फिरवली नाही.

नजर पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरी गेली. नेमकी कधी गेली ते आम्हाला कळलं नाही, इतका मामाजींचा दिवस तोच राहिला. एकदा संध्याकाळी दिवे गेले, दिवे गेले, मेणबत्ती कुठे आहे, असं पुटपुटत मी धडपडत होते आणि मामाजी सहज म्हणाले, "आग्नेयेच्या फळीवर हाये, काड्याच्या पेटीच्या मावळतीले." मी हात घातला तर होती. तेव्हा मला उमगलं की त्यांना दिवे गेल्याचं मी बोलल्यावरच कळलं. मी मेणबत्ती लावली नाही. तशीच त्यांच्या शेजारी बसून राहिले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली नाही, कारण आमच्याकडे सासऱ्याला असं काही बोलत नाहीत.

एक्याऐंशीच्या माघात ते गेले. सकाळी पाणी दिलं, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. मी शाळेला निघताना हाक मारली तर ओ आली नाही. चेहरा रोजच्यासारखाच होता. नऊ-दहा वर्षं त्या घरात राहिले आणि यमुताईंची ती एक वेळ सोडली तर शेवटपर्यंत त्यांना कोणी हात धरून कुठे नेलं नाही. त्या दिवशी मी त्यांचा हात हातात घेतला. तो पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत गावाहून माणसं आली. गणपतराव आले, भावाच्या पायाशी बसून रडले, मग डोळे पुसून कामाला लागले. बायकांनी बैठकीतली जमीन सारवून ठेवली होती. खाटेवरून खाली घ्यायचं होतं. गणपतरावांनी दाराकडे, खिडकीकडे पाहून अंदाज घेतला आणि म्हणाले, "डोकं उत्तरेलेच हाये. फिरवा लागत नाही. असेच सरळ उचला अन् खाली घ्या."

चौघं वाकले. आणि मी म्हणाले, "थांबा. फिरवावं लागेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी सुना मध्ये बोलत नाहीत.

"काहून?" गणपतराव म्हणाले.

"हे डोकं दक्षिणेला आहे काकाजी. उत्तर तिकडे आहे."

"सूनबाई, आता ते गेले. आता खरं ते करा लागन. चुकीच्या अंगानं ठेवलं तर वाट चुकते मानूस."

"तेच म्हणते मी," मी म्हणाले. "खऱ्या उत्तरेला ठेवलं तर चुकतील. या घरात त्यांना ती उत्तर कधी कळलीच नाही. मग त्यांना हात धरून न्यावं लागेल."

माझा आवाज वर्गातल्यासारखा लागला नाही. गणपतरावांनी वीजमीटरकडे, छताकडे, कुठेतरी पाहिलं. यमुताई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "या घराची उत्तर तिकडंच हाये जी. आमाले बी माहीत हाये."

तेव्हा आमचे हे उठले. ते खाटेच्या डोक्याकडे गेले आणि त्यांनी वडिलांच्या खांद्यांखाली दोन्ही हात घातले.

"पाय धरा काका," हे म्हणाले. "घरच्या उत्तरेले."

गणपतरावांनी पाय धरले. चौघं-पाच जण मिळून त्यांनी मामाजींना उचललं, त्या लहानशा बैठकीत सांभाळून, भिंतीला न लावता, अख्खे फिरवले आणि खाली ठेवले. शामलानं उशाशी पणती लावली. मला बरं वाटलं. हे असं कोणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, पण मला बरं वाटलं.

चार वाजता त्यांना घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेले. बायका त्यापुढे जात नसत. फाटक ओलांडताना खांदेकरी खांदा बदलायला क्षणभर थांबले, नेमके मामाजी थांबायचे तिथेच. मग पानाच्या टपरीवरून उगवतीला वळून दिसेनासे झाले. फाटकाबाहेरच्या दिशा त्यांना बरोबर कळायच्या, त्यामुळे तिथून पुढची मला काळजी नव्हती.